बावीस तारांचा नकाशा

दिवा फक्त लुकलुकत होता. एवढे प्रथम नोंदवून ठेवणे न्याय्य ठरेल, कारण पुढे जे घडले त्यात बोटीने आपण होऊन काहीही उकरून काढले नव्हते. अठ्ठावीस फुटांच्या त्या बोटीत, मार्लिस जिथे पाय पोटाशी घेऊन वाचत बसे त्या कोपऱ्यावरचा पितळी दिवा, मनात काही येऊन जावे तसा मधूनच मंद होई आणि पुन्हा भानावर येई. मार्लिसची त्याविषयी तक्रार नव्हती. "दिवा आहे तो. दमतो कधी कधी," एवढेच ती म्हणाली. पण तिचा नवरा अर्विड टोलेफसन याने ग्रॅनाइट बेच्या हायस्कुलात एकतीस वर्षे मुलांना घराचे वायरिंग शिकवले होते. दमणारा दिवा त्याला आपल्या निवृत्तीवरचा शेरा वाटला.

एप्रिल उजाडला होता, म्हणजे पंचांगात. सुपीरियर सरोवरावर अजून बर्फाचे तुकडे एकमेकांना ढुशा देत होते, आणि बोटक्लबच्या आवारात पासष्ट बोटी लोखंडी घोड्यांवर, पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या, इस्पितळातल्या रुग्णांसारख्या ओळीने उभ्या होत्या. अर्विड शिडीने आपल्या बोटीवर चढला, आत शिरला आणि स्विचबोर्डाचे चार स्क्रू काढले. चारच स्क्रू. माणसाचा सर्वनाश आणि माणूस यांच्यामध्ये बहुधा एवढेच अंतर असते.

मागे चाळीस वर्षे दडून बसली होती. बोटीच्या प्रत्येक मालकाने त्या पोकळीत आपापली एकेक इच्छा सोडली होती, आणि जाताना कोणीही ती परत नेली नव्हती. कोणाला पंखा हवा होता, कोणाला रेडिओ, कोणाला नांगर उचलणारी मोटर. इच्छा निमाल्या, तारा उरल्या. दोन ठिकाणी दाराच्या घंटीची तार वापरली होती. एका जोडाला तर जखमेवर लावायची पट्टी होती, आणि ती जखम भरली नव्हती.

"हे सगळं नव्याने करायला हवं," अर्विड म्हणाला.

"दिव्याचं म्हणत होतास ना?" खालून मार्लिसने विचारले.

"दिवा हे लक्षण आहे, मार्लिस. रोग वेगळा आहे."

"मग लक्षणावर भागव की. मी टॉर्च लावून वाचीन."

अर्विडने ते ऐकले नाही. त्याच्या मनात एकतीस वर्षे फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेले आणि कधीही न पुसलेले वाक्य उमटले होते: काळी तार जिवंत असते. गावातला दंतवैद्य, पाद्री आणि नगरसभेतले पाचपैकी तीन सभासद याच वाक्याखाली लहानाचे मोठे झाले होते. ग्रॅनाइट बेमध्ये काळ्या तारेला कोणी उगाच हात लावत नसे. तिच्याजवळून जाताना लोक आवाजही खाली आणत. आणि अमेरिकेतल्या घरांपुरते ते वाक्य शंभर टक्के खरे आहे. भिंतीतल्या काळ्या तारेतून वीज येते.

मात्र बोटीतल्या बॅटरीच्या वायरिंगमध्ये वीज लाल तारेतून येते आणि काळ्या तारेतून निमूटपणे घरी परतते. तिथे काळी तार ही परतीची वाट. वाचकाला हे आत्ताच सांगून टाकलेले बरे. अर्विडला कळायला सहा आठवडे लागले.

शेजारच्या बोटीवर तोइवो लाहती असे. वय ऐंशी, रक्त फिनिश, आणि हातात गेली कित्येक वर्षे तोच एक लाकडी कठडा, जो तो रंगवी, खरवडी आणि पुन्हा रंगवी. दुसऱ्या आठवड्यात तो शिडी चढून आला आणि दारात उभा राहून आत पाहू लागला. तो इतका वेळ गप्प होता की तेवढ्यात रंगाचा एक हात वाळला असता.

"काळी बॅटरीच्या अधिक खुणेला जोडलीस," तो म्हणाला.

"हो."

"स्विचलाही काळीच."

"हो. तीच जिवंत ना!"

"हं." तो पुन्हा तारांकडे वळला. "वेगळं आहे."

आता मिनेसोटात 'वेगळं आहे' हे दोन शब्द काय वजनाचे असतात, हे अर्विडला ठाऊक नव्हते असे नाही. नव्या पाद्र्याने प्रवचनाच्या मध्येच गिटार काढली तेव्हा ते वेगळे होते. मार्लिसच्या मावशीने बटाट्याच्या हॉटडिशमध्ये, त्या ओव्हनमधल्या घरोघरच्या पदार्थात, अननस घातला तेव्हा तेही वेगळेच होते, आणि त्यानंतर मावशीला पुन्हा कोणी काही आणायला सांगितले नाही. या प्रदेशात 'चूक' हा शब्द शब्दकोशात आहे, पण तो तिथून कोणी बाहेर काढत नाही. मात्र तोइवो हा वर्षाकाठी जेमतेम चाळीस शब्द खर्च करणारा माणूस. त्याने त्यातले दोन आपल्या वायरिंगवर उधळावेत, याचा अर्विडने गौरव असा अर्थ लावला.

"मदत करू का?" तोइवोने विचारले.

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास!"

"करतो म्हटलं तर करतो."

"नको हो, खरंच नको. तुमचा कठडा राहील."

इथे रीत अशी आहे की मदत असो वा केकचा तुकडा, दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्या वेळी 'एवढं म्हणताय तर' असे पुटपुटत घ्यायचे. पहिला नकार सभ्यतेसाठी, दुसरा आईवडिलांच्या स्मृतीसाठी. होकाराला जागा तिसऱ्यातच. त्यामुळे अर्विडने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला, बाकावरची हत्यारे सरकवून तोइवोपुरती जागा केली आणि तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहिली. तोइवोने मान डोलावली आणि शिडी उतरून गेला. त्याच्या घराण्यात दोनदाच विचारत.

पाठोपाठ क्लबचे पत्र आले. गेल्या हंगामात एका सभासदाने बोटीत टोस्टर लावला होता आणि पाव भाजून होण्याआधी अख्ख्या धक्क्याची वीज गेली होती. सबब यंदा प्रत्येक बोटीच्या वायरिंगची तपासणी होईल, नकाशा दोन रंगांत व दोन प्रतींत सादर करावा लागेल, आणि प्रमाणपत्र नसलेली बोट सतरा मे रोजी क्रेन उचलणार नाही. क्रेन वर्षातून एकदाच येई. पाण्यात न उतरलेल्या बोटीची धक्क्यावरची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाकडे जाई.

अर्विडची जागा सतरा क्रमांकाची. तिच्यासाठी त्याने अकरा वर्षे वाट पाहिली होती. लाटांपासून आडोसा, पाण्याच्या नळाशेजारी, संध्याकाळचे ऊन थेट मांडीवर. आणि यादीतला पुढचा माणूस होता ड्वेन. मार्लिसचा सख्खा धाकटा भाऊ. तो नऊ वर्षे यादीत होता आणि त्याने त्याबद्दल एकदाही अवाक्षर काढले नव्हते, हीच तर भीतीची गोष्ट होती.

पत्राच्या तिसऱ्या दिवशी तो आवारात उगवला.

"सहजच आलो होतो," ड्वेन म्हणाला. "म्हटलं, कसं काय चाललंय."

"उत्तम चाललंय."

"नाही, चाललं नसेल तरी काही नाही हं. माणसाने स्वतःला त्रास नाही करून घ्यायचा. या वयात."

"तू माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान आहेस, ड्वेन."

"तेच म्हणतोय मी. वयाचं काही सांगता येत नाही."

मार्लिसने त्याला कॉफी दिली. त्याने ती दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतली, आणि पिता पिता अर्विडच्या खांद्यावरून तारांकडे असे पाहत राहिला जसे कोणी दूरच्या श्रीमंत काकाच्या छातीच्या एक्स-रेकडे पाहावे.

दिवा पेटला तो याच दिवसांत. अर्विडने काळी तार स्विचला जोडली, लाल परतीला जोडली, कळ दाबली, आणि पितळी दिवा न डळमळता उजळला. तो साधा, जुन्या धाटणीचा बल्ब होता. वीज त्याच्यात पुढून शिरली काय आणि मागून शिरली काय, तापून उजळणे एवढेच त्याला ठाऊक. जगातल्या कित्येक सिद्धांतांचा पाया अशाच एखाद्या भोळ्या साक्षीदारावर उभा असतो. दिवा लागला म्हणजे पद्धत बरोबर. पद्धत बरोबर म्हणजे उरलेल्या दहाही जोड्या तशाच. अर्विड कामाचा पक्का होता. त्याने एकही तार अपवाद म्हणून सोडली नाही.

घरातली वीज सेकंदाला एकशे वीस वेळा मन बदलते. तिला दिशा उलटी झाल्याचे फारसे सोयरसुतक नसते. बॅटरीची वीज एकमार्गी. तिच्यावर चालणाऱ्या यंत्राच्या तारा उलटल्या तर बिचारे यंत्र उलटे फिरते.

"अर्विड," मार्लिस एकदा केस सावरत म्हणाली, "हा पंखा वारा देत नाहीये. घेतोय."

पडदा पंख्याच्या जाळीला चिकटून धडधडत होता. अर्विडने थोडा विचार केला आणि पंखा भिंतीकडे तोंड करून बसवला. आता वारा मार्लिसकडे येऊ लागला. पुरेसा नव्हे, पण दिशा योग्य.

नांगराच्या मोटरीचे 'वर' बटण दाबले, तर नांगर बोटीच्या नाकावरून सुटून खाली तोइवोच्या रंगाच्या डब्यात पडला. तोइवोने आधी डब्याकडे पाहिले, मग आकाशाकडे, आणि या खेपेस शब्द खर्च केला नाही. अर्विडने 'वर' आणि 'खाली' या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. खोली मोजणारे यंत्र गप्प झाले. ते म्हातारे झाले होते. रेडिओतून आवाजाऐवजी जळक्या शिमला मिरचीसारखा वास आला. तसेही बातम्यांत काय राहिले होते! बोटीच्या तळातले पाणी उपसणारा पंप गरगर फिरे, पण पाणी जेमतेम ढवळे. ज्याला त्याला आपापली गती असते, असे म्हणून अर्विड पुढच्या जोडीकडे वळला. इतक्या सलग आणि एकमताने होणाऱ्या बंडात एखाद्याने तत्त्व शोधले असते. अर्विडने सुटी सुटी दुर्दैवे शोधली.

मग नकाशा. तो त्याने चार रात्री खपून, शाळेतल्या जुन्या पट्टीने काढला: अकरा जोड्या, बावीस तारा, अकरा लाल, अकरा काळ्या. कागदावर त्या एखाद्या शांत शहराच्या रस्त्यांसारख्या दिसत होत्या. तो घेऊन तो क्लबच्या सचिव व्हर्ना यांच्या खिडकीशी गेला.

"सुरेख आलाय," व्हर्ना म्हणाल्या. "दुसरी प्रत?"

"तुमच्या मशिनवर काढतो ना."

"काढा की."

क्लबचे मशिन फक्त काळी शाई जाणत होते. प्रतीत बावीसच्या बावीस तारा काळ्या आल्या.

"ही दोन रंगांत नाही," व्हर्ना खेदाने म्हणाल्या.

"मग लाल पेन्सिलने गिरवून देतो."

"गिरवली तर ती प्रत राहत नाही हो. तो दुसरा मूळ नकाशा होतो. आम्हाला एक मूळ आणि एक प्रत लागते."

"मग मी करू तरी काय?"

"तुम्हीच सांगा. मला तुमचं मन मोडवत नाहीये," व्हर्ना म्हणाल्या आणि खिडकी अत्यंत हळुवारपणे बंद केली.

शेवटी मूळ नकाशा क्लबच्या कपाटात गेला आणि तपासनीस बाईंकडे ती काळी प्रत. अर्विडच्या नियमानुसार पाहिले तर आता बोटीतली प्रत्येक तार जिवंत होती.

सतरा मे. सकाळी सात वाजता पिवळी क्रेन आवारात शिरली आणि पहिली बोट हवेत उचलली गेली. सगळा क्लब जमला होता. टेबलावर कॉफीचे थर्मास आणि चौकोनी कापलेल्या गोड वड्या. अर्विडची बोट रांगेत पंधरावी. साडेआठला तपासनीस मिसेस कोवाल्के आल्या. त्या न्यू जर्सीहून, म्हणजे मनातले थेट तोंडावर बोलणाऱ्या मुलखातून, आल्या होत्या, आणि ही एकच माहिती लोक एकमेकांच्या कानात सांगत होते.

"अर्विड टोलेफसन कोण?" त्यांनी लांबूनच ओरडून विचारले. "सगळं काळं पाठवणारे तुम्हीच का? मला वाटलं शोकपत्र आहे."

त्या आत आल्या. पाठोपाठ ड्वेन आला. नवे क्रीम रंगाचे जाकीट घालून. मेहुण्याच्या कठीण प्रसंगी नातेवाइकाने हजर असावे, असे तो म्हणाला. मिसेस कोवाल्केंनी भिंतीकडे तोंड केलेला पंखा पाहिला. 'वर' आणि 'खाली' यांच्यावर खाडाखोड करून चिकटवलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या. मग संडासाचे दार उघडले.

"हे चालतं?"

"अजून चालवून पाहिलं नाही," अर्विड म्हणाला. "पाण्यात उतरल्यावरच—"

"दाबून बघू."

हिवाळ्यात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून बोटींच्या पोटात गुलाबी द्रव भरून ठेवतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. कळ दाबल्यावर तो टाकीकडे जायला हवा होता. पंप उलटा फिरला. टाकीने गेल्या ऑक्टोबरपासून पोटात ठेवलेले सारे परत केले: प्रथम एक विचारमग्न गुडगुड, मग भांड्यातून उसळलेला, जवळजवळ भावगीतासारखा गुलाबी फवारा. मिसेस कोवाल्के अनुभवी होत्या, त्या बाजूला सरल्या. ड्वेन सहानुभूतीने पुढे वाकलेला होता.

"फार काही नाही," ड्वेन डोळे मिटून म्हणाला. "थोडंसंच उडालं."

मिसेस कोवाल्केंनी मीटरची दोन टोके दोन तारांना लावली, आकडा पाहिला, मग अर्विडकडे पाहिले.

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या.

मार्लिसने तोंडावर हात ठेवला. बाहेर, शिडीच्या पायाशी कॉफी पिणाऱ्यांपैकी कोणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. हा शब्द अर्विडला उद्देशून प्रथमच उच्चारला गेला होता.

"सगळंच्या सगळं उलटं. बोटीत काळी परतीची असते, मिस्टर टोलेफसन. शाळेत नाही का शिकवलं कोणी?"

अर्विड बाकावर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे फळ्याचा तो कोपरा आला आणि त्याखाली बसलेल्या एकतीस वर्षांच्या रांगा. आणि त्याला जाणवले की आपण घरापुरते खरे होतो, फक्त आपल्याला घर केवढे असते ते ठाऊक नव्हते.

"क्रेन तुमच्यापाशी यायला दोन तास आहेत," मिसेस कोवाल्के म्हणाल्या. "अकरा लाल स्विचवर, अकरा काळ्या परतीच्या पट्टीवर. आणि बॅटरीच्या दोन जाड वायरींची दोन्ही टोकांना अदलाबदल करा. जमलं तर सही, नाही तर नाही."

दारात तोइवो उभा होता. त्याच्या खिशातून वायर सोलायची पक्कड डोकावत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" अर्विडने विचारले.

"सांगितलं होतं की."

"तुम्ही म्हणालात, वेगळं आहे!"

"मग? होतंच."

"तिसऱ्यांदा विचारायचं तरी!"

"दोनदा नको म्हणालास," तोइवो आत येत म्हणाला. "मी बहिरा नाही." आणि त्या एका सकाळी त्याने पुढच्या वर्षाच्या शब्दांतूनही उचल केली: "सरक. लाल दे. ती नाही, ती. हळू."

पुढचे दोन तास त्या अरुंद पोकळीत चार माणसे एकमेकांच्या कोपरांशी जमवून घेत होती. मार्लिस जोड्या मोजून सांगे, अर्विड तारा सोडवी, तोइवो त्या नव्या जागी आवळी. टॉर्च ड्वेनने धरला होता. तो निघून गेला असता तर लोकांना वाटले असते की त्याला जागा हवी आहे. म्हणून जी जागा त्याला नऊ वर्षे हवी होती ती वाचवण्यासाठी तो गुलाबी थेंब गाळत उजेड धरून राहिला.

"थोडा डावीकडे, ड्वेन."

"असा?"

"अगदी असाच. थकलास का?"

"छे. आणखी दोन तास धरीन," ड्वेन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अशी काही करुण निष्ठा होती की अर्विडला क्षणभर जागा देऊन टाकावीशी वाटली. क्षणभरच.

अकरावी जोडी आवळली गेली तेव्हा चौदावी बोट हवेत होती. मिसेस कोवाल्केंनी एकेक कळ दाबली. पंख्याने भिंतीवर वारा फेकला. 'वर' दाबल्यावर नांगर, चिठ्ठी खोटी ठरवीत, खाली गेला. संडासाने आपले विचार पोटातच ठेवले. त्यांनी फॉर्मवर एकामागून एक खुणा केल्या आणि मग पोकळीच्या तळाशी बोट दाखवले.

"ही कुठली?"

एक राखाडी तार. ती कुठल्याही स्विचला जोडलेली नव्हती, नकाशात नव्हती. लाकडाच्या फटीतून निघून बोटीच्या अंधाराकडे निघून जात होती.

"प्रत्येक वायर कुठे जाते ते लिहावं लागतं," मिसेस कोवाल्के म्हणाल्या. "कुठे जाते ही?"

क्रेनचा आकडा रिकामा होऊन वळला होता. ड्वेनने टॉर्च त्या तारेवर रोखला. अर्विडच्या ओठांवर उत्तरे आली. एकतीस वर्षे ती तशीच येत असत, भरघोस आणि ताबडतोब. जुन्या रडारची असेल. राखीव म्हणून ठेवलेली असेल. त्याने तोंड उघडले.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"मग काढा."

त्याने ओढली. ती आली, आणि येतच राहिली. दहा फूट, वीस, तीस. बोट संपली तरी तार संपेना. मार्लिसने टोक शिडीवरून खाली दिले, खालच्यांनी ते धरले, व्हर्ना कॉफी ठेवून आल्या, आणि साठ फूट, सत्तर फूट, सारा क्लब आवारभर मागे मागे चालत ती तार ओढत राहिला, पार क्रेनच्या चाकांपर्यंत. क्रेनवाला इंजिन बंद करून खाली उतरला आणि त्यानेही हात लावला. शेवटी एक हिसका बसला आणि दुसरे टोक बाहेर पडले. त्याला काहीही जोडलेले नव्हते. फक्त दोऱ्याने बांधलेली एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. मिसेस कोवाल्केंनी ती मोठ्याने वाचली.

"'ही कुठे जाते ते मलाही कळले नाही. तरी राहू दिली. मे १९८६.'"

तोइवोने टोपी काढली.

"छान अक्षर आहे," मार्लिस म्हणाली.

मिसेस कोवाल्के घाईत होत्या. सगळ्यांना घेऊन त्या शिडी उतरल्या, आणि सही करायला त्यांना कागद टेकवायला काहीतरी हवे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, आणि ड्वेनने रीतीप्रमाणे आपली पाठ पुढे केली. त्यांनी त्या ओल्या जाकिटावर प्रमाणपत्र ठेवले आणि दाबून सही केली. कागद हलकासा गुलाबी झाला. क्रेनवाल्याने पट्टे बोटीखालून घेतले, आकडा लागला, आणि अठ्ठावीस फूट, बावीस तारांसह, लोखंडी घोड्यांवरून उचलले गेले.

"झालं का?" ड्वेनने खालूनच विचारले.

"झालं," अर्विड म्हणाला.

"बरं झालं. खरंच बरं झालं," ड्वेन म्हणाला. बोट धक्क्याच्या दिशेने सावकाश वळली, तिची सावली त्याच्यावरून सरकत सतरा क्रमांकाच्या पाण्यावर जाऊन पडली, आणि तरी तो आणखी थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला.